मदत हवी आहे : वेचणीने आईची बोटं उलली आहेत, करडईचं तेल चालेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही मानवत तालुक्यातले, जिल्हा परभणी. घरची चार एकर पऱ्हाटी आहे. आई ६१ वर्षांची, दिवाळीपासून रोज वेचणीला. थंडीत तिचे हातपाय दरवर्षीच फुटतात, पण यंदा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांची टोकं इतकी उललीत की कापसाचे तंतू भेगांत अडकून बसतात. रात्री बल्बखाली बसून मी ते चिमट्याने काढतो. ती हूं की चूं करत नाही, पण भाकरीच्या पिठात गरम पाणी ओतलं की हात झटकन मागे घेते. मला ते बघवत नाही.

आधी मेडिकलमधून विचारून एक ट्यूब आणली होती. आठ-दहा दिवस बरं वाटलं, मग कातडी पातळ पडून जास्तच चिरली. शेवटी परभणीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. ते बरेच दिवस लावलं की कातडीत स्निग्धांश तयार होणंच मंदावतं, असं ते म्हणाले आणि ती बंद केली.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या परीने सांगतो, चुकलं तर सांगा. माळवदावर पांढरी माती असते म्हणून घर गळत नाही. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशींच्या मधे तसंच स्निग्ध पदार्थांचं लिंपण असतं. त्यात वजनाने जवळपास निम्मं सिरॅमाइड, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल आणि बाकी मुख्यतः फॅटी ॲसिड. लिंपण गेलं की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. वयाबरोबर ते आपोआप कमी होतं. त्यात आई हात धुते कपड्याच्या वडीने. मातीपरीक्षणात आपण सामू (pH) बघतो ना, तसा कातडीचाही असतो, साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे आम्लाकडे. साबणाचा ९-१० असतो. सिरॅमाइड तयार करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) आम्लताच लागते.

आता माझी अडचण. सिरॅमाइडचं क्रीम महाग पडतं. घरात घाण्याचं करडईचं तेल आहे. त्यात लिनोलिक ॲसिड भरपूर असतं आणि कातडीला सिरॅमाइड बनवायला तेच लागतं, असं वाचलं. मग हेच लावलं तर? आणि दिवसा काय करावं? आई म्हणते, "तेलाच्या हातानं येचलं तर कापूस डागाळतो बाबा, व्यापारी लगेच भाव पाडतो." तिचं म्हणणं खरंच आहे.

प्रतिसाद :
भाऊ, मी लातूरला त्वचाविभागात परिचारिका आहे. करडईचं चालेल, पण बियाणं कोणतं ते विचारून घ्या. काही नव्या वाणांत ओलिक ॲसिड जास्त असतं आणि त्याने हे लिंपण उलट विस्कटतं. ऑलिव्ह तेलाचंही तेच. उघड्या भेगेला मात्र नुसतं तेल पुरत नाही. रात्री हात कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, टिपून घ्या, ओलसर असतानाच व्हॅसलीनचा जाड थर द्या आणि वरून सुती मोजे. व्हॅसलीन सिरॅमाइड देत नाही, पण उडणारं पाणी अडवतं, तेवढ्यात कातडी स्वतःचं लिंपण भरून काढते. वडी आजपासून बंद. युरियाचं क्रीम भेग मिटल्यावरच, आधी लावलं तर आग होते. टाचांना वजरी घासत असतील तर तीही थांबवा. भेगेतून पू आला, बोट सुजलं किंवा साखरेचा त्रास असेल तर थांबू नका, दाखवा.

धागाकर्ता :
ताई, मनापासून आभार. साखर डॉक्टरांनी तपासली होती, ठीक आहे. जुन्या धोतराचे मोजे आज शिवतो. दिवसाचं तेवढं राहिलं. वेचताना बोटांना सुती पट्टी बांधली तर बोंडाची वाळलेली टोकं टोचणार नाहीत, पण वेचणीचा वेग कमी होईल. कुणी बांधून वेचलंय का? कशी बांधता, गाठ कुठे मारता, तेवढं सांगा.