सुपातल्यांचे अनुभव: कपातीनंतर नोकरी टिकली, पण विश्वासाचं काय?

नोकरकपातीबद्दल बोलणं होतं ते बहुतेक ज्यांना नारळ मिळाला त्यांच्याबद्दल, आणि ते योग्यच आहे. पण यादीत नाव नव्हतं त्यांचं पुढे काय होतं? पगार चालू, खुर्ची तीच, तरी सोमवारी लॉग-इन करताना पोटात गोळा येतो. आमच्याकडे पहिल्या कपातीनंतरच्या टाऊनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, एकाने थेट विचारलं, "अजून होणार आहे का?" व्यासपीठावरून नाही म्हणून सांगितलं गेलं. पुढच्याच तिमाहीत दुसरी यादी निघाली. तेव्हापासून वरून आलेली प्रत्येक मेल आम्ही दोनदा वाचतो. एकदा काय लिहिलंय ते, आणि एकदा काय गाळलंय ते.

वरिष्ठांवरचा विश्वास नेमका कशाने उडाला, आणि कुठे टिकला असेल तर कशामुळे, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे. कंपनीचं किंवा कुणाचं नाव नको. लहान अनुभवही चालेल.

*

मी टेस्टिंगमध्ये आहे. आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही. सकाळी चॅटवर एका सहकाऱ्याला बिल्डबद्दल विचारायला गेले, तर त्याचं खातं बंद. मग एकेक नाव टाकून बघत बसले, कोण आहे, कोण नाही. सगळेच तेच करत होते. म्हणजे यादी आमची आम्हीच तयार केली. दुपारी मेल आली की पुनर्रचना पूर्ण झाली आहे. त्यात ना नावं, ना आकडा. त्याच्याकडची कामं कुणाकडे गेली हे ठरायला कित्येक आठवडे लागले. शीटमध्ये 'जबाबदारी'च्या रकान्यात त्याचंच नाव होतं, आणि ते खोडायला कुणाचा हात धजत नव्हता.

*

ऑफिसातलं वाचलं, आता शॉप फ्लोअरचं सांगतो. मेंटेनन्समधले जुने फिटर पगार जास्त म्हणून आधी गेले. कुठल्या प्रेसचा कुठला व्हॉल्व्ह कधी दगा देतो हे त्यांच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. ब्रेकडाऊन वाढले, ते सगळ्यांना दिसलं. त्याहून वाईट गोष्ट मात्र हळूहळू कळली. आधी लोक थोडक्यात टळलेले अपघात स्वतःहून रजिस्टरमध्ये लिहायचे. मशीनवरचा गार्ड सैल होता, तेल सांडलं होतं, हात जाता जाता वाचला. कपातीनंतर रजिस्टरची पानं कोरी राहायला लागली. वरच्यांनी त्याचं कौतुकसुद्धा केलं, सुरक्षितता सुधारली म्हणून. खरं तर आपल्या नावावर काही लागू नये म्हणून माणसं गप्प बसली होती. आज मला या एकाच गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते.

*

मी एचआरमध्ये आहे. यादी आमच्याकडे आधी येते आणि गोपनीयतेच्या कागदावर आमची सही असते. त्या काळात यादीतलाच एकजण गृहकर्जासाठी नोकरीचा दाखला न्यायला आला. मी दाखला छापला, शिक्का मारला. व्याजदर कुठे कमी मिळतोय ते तो उत्साहाने सांगत होता आणि मला एक शब्द काढता येत नव्हता. तो दिवस विसरणं शक्य नाही.

निवडीचे निकष लिहून ठेवा, असा आग्रह मी धरला होता. तो मानला गेला नाही. हा आणि तोच का गेला याचं उत्तर मिळालं नाही की राहिलेली माणसं आपापलं उत्तर शोधतात: साहेबांच्या मर्जीतला नव्हता, बाळंतपणाची रजा घेतली होती, प्रश्न फार विचारायचा. त्यातलं कितीतरी चुकीचं असतं, पण खोडून काढायला आमच्या हातात कागद नसतो.

*

निकषांच्या मुद्द्याला +१. कोलंबिया विद्यापीठाचे जोएल ब्रॉकनर यांनी नेमका मागे राहिलेल्यांवरच अनेक वर्षं अभ्यास केला. निर्णय घेण्याची रीत रास्त वाटली का आणि गेलेल्यांना कसं वागवलं, यावर राहिलेल्यांची निष्ठा ठरते, असं त्यातून दिसलं. १९९२ च्या त्यांच्या एका संशोधनातला निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो: आधी जे संस्थेशी सर्वांत घट्ट बांधलेले असतात, तेच अन्याय झालाय असं वाटल्यावर सर्वांत जास्त दुरावतात.

दोन उदाहरणं बघा. मे २०२० मध्ये घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने सुमारे १,९०० जणांना, म्हणजे जवळपास एक चतुर्थांश लोकांना कमी केलं. कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी पत्रात निर्णय कसा घेतला ते लिहिलं, अमेरिकेतल्या लोकांना किमान १४ आठवड्यांचा मूळ पगार दिला आणि भरती विभागातल्या काही जणांना गेलेल्यांसाठी नोकऱ्या शोधायला लावलं. डिसेंबर २०२१ मध्ये गृहकर्ज देणाऱ्या बेटर डॉट कॉम या अमेरिकी कंपनीने सुमारे ९०० जणांना एका झूम कॉलवर, काही मिनिटांत काढलं. नोकऱ्या दोन्हीकडे गेल्या. पण कॉलनंतर त्या कंपनीत राहिलेल्यांना आपलीही पाळी अशीच येणार हे दिसलंच ना?

*

माझं मत जरा वेगळं आहे. पगार आणि काम एवढाच करार असतो. "आपण एक कुटुंब आहोत" हे मी आधीही मनावर घेतलं नव्हतं, त्यामुळे मला धक्का कमी बसला.

*

करारच म्हणायचा तर तो दोन्हीकडून हवा. आमच्याकडे खर्चकपातीत चहाची मशीनसुद्धा गेली, वरिष्ठांचा बोनस मात्र तसाच राहिला. लोकांनी कपातीचं कारण समजून घेतलं होतं, बोनसचं नाही घेतलं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेन्डोचा व्यवसाय मंदावला तेव्हा अध्यक्ष सातोरु इवाता यांनी जानेवारी २०१४ मध्ये पाच महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला होता. उद्या जाईन या भीतीतले लोक चांगलं काम करू शकत नाहीत, हे ते आधीपासून सांगत आले होते. साहेबांनी आधी स्वतःच्या ताटातलं कमी केलं, तर मीही चार तास जास्त थांबेन.

*

टीम लीड म्हणून लिहितो. आमची टीम निम्मी झाली आणि काम तेवढंच राहिलं. मी वर जाऊन कामांची यादी ठेवली आणि विचारलं, यातलं काय बंद करायचं ते तुम्ही सांगा. बरीच ओढाताण झाली, पण दोन रिपोर्ट आणि एक जुनं मॉड्यूल लेखी आदेशाने बंद झालं. मनोधैर्य वाढवायच्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा त्या मेलने टीमला जास्त बळ दिलं.

दुसरं म्हणजे दर शुक्रवारी अर्धा तास बसतो. मला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि काय सांगायची परवानगी नाही, हे तिन्ही सांगतो. सुरुवातीला कुणी तोंड उघडत नव्हतं. परवा एका नव्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, आपलं प्रॉडक्ट बंद होणार आहे का? सोमवारी सांगतो म्हटलं. वर विचारलं आणि सोमवारी सांगितलं: मार्चपर्यंत नक्की चालू आहे, पुढचं ठरलेलं नाही. ती म्हणाली, "बरं, मग मी आत्ताच दुसरीकडे अर्ज करत नाही." मार्चच्या आधी जे ठरेल तेही असंच सांगायला मिळावं, यासाठी सध्या वर भांडतो आहे.