एम.ए.ला स्त्रीवादी संशोधन पद्धती: ही पद्धत आहे की नुसती भूमिका?

फडावरची:
एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष. या सेमला स्त्रीवादी संशोधन पद्धतीचा पेपर आहे आणि डेझर्टेशन बीडच्या ऊसतोड बायकांवर. भाऊ म्हणतो सर्वे करायचा तर करा ना, त्यात स्त्रीवादी सर्वे काय असतो (तो इंजिनियर आहे, त्याचं सोडा). पण गाईड सरांनीही प्रपोजलमधलं सगळं 'मी' काढून 'संशोधक' करायला लावलं तेव्हा डोक्यात गेलं.

मला या पेपरने काय दिलं ते सांगते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला, टनाचा हिशोब कोयत्याचा, वहीत नाव नवऱ्याचं, आणि एकटंच कोणी आलं तर ते 'अर्धा कोयता'. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत 'तुमची मजुरी किती' असा प्रश्न होता आणि एकीलाही उत्तर देता येईना. मला वाटलं लाजतायत. लाजत नव्हत्या हो, तिची अशी वेगळी मजुरीच नाहीये! प्रश्नच चुकला होता.

आकडेमोड:
सॉरी, पण यात स्त्रीवादी काय? पायलट केला, प्रश्न फसला, बदलला. हे स्टॅट्सवाले पण करतात, त्याला वेगळा पेपर लागत नाही. आणि बायकांचं घरकाम सरकारला दिसलं ते आकड्यांमुळेच ना. २०१९ चा सरकारचा टाइम यूज सर्वे (कोण कशाला किती वेळ देतं त्याची पाहणी) काढून बघा, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. तुमच्या बीडचंच घ्या, गर्भाशय काढण्याच्या प्रकरणात नीलम गोऱ्हे समिती बसली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दहा मुलाखती घेऊन हे कळलं असतं?

आणि ते पोझिशनॅलिटीचं, म्हणजे संशोधकाने आपण कोण ते सांगायचं, प्रकरण! 'मी एक शहरी, मध्यमवर्गीय, सवर्ण स्त्री...' असा एक पॅरा सगळ्यांच्या थीसिसमध्ये आरतीसारखा येतो, म्हणून झाला की पुढे नेहमीचंच चालू.

फडावरची:
आरतीचं पटलं, माझ्या बॅचमध्ये तो पॅरा अक्षरशः फॉरवर्ड झालाय.

पण २९९ मिनिटं मोजायच्या आधी कोणीतरी ठरवलं ना की स्वयंपाक, पाणी भरणं हे काम म्हणून मोजायचं? ते आपोआप नाही झालं, त्यासाठी बायका वर्षानुवर्षं भांडल्यात. आणि १३,८६१ हा आकडा मलाही हवाच आहे, पण पाळीत एक दिवस पडून राहिलं की खाडा, खाड्याचे पैसे कापणार, आणि पिशवीच नको हा विचार तिथून सुरू होतो, हे कोणी तिच्याशेजारी बसल्याशिवाय कसं कळणार?

मधलीसुट्टी:
बसल्याशिवाय म्हणताय, पण बसू देतात का? मी पीएचडीसाठी खेड्यात हिंडलेय, सासू समोर धान्य निवडत बसली की सून फक्त 'हो' आणि 'बरंय' बोलते. माझ्या सगळ्यात चांगल्या मुलाखती हापशावर झाल्या. रेकॉर्डर नाही, वही नाही. मग व्हायवात विचारतात, डेटा कुठाय.

निळी_पाटी:
तुमचं दोघांचं चालू दे, माझं दुखणं वेगळंय. आमच्या डिपार्टमेंटला हा पेपर सँड्रा हार्डिंग आणि अ‍ॅन ओकली या परदेशी स्त्रीवादी अभ्यासकांपासून सुरू होतो आणि ऊर्मिला पवार, मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' शेवटच्या युनिटला, तेही 'पूरक वाचन'. अहो, १९८९ चं पुस्तक आहे ते. त्या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून त्यांच्या तोंडून इतिहास लिहून घेतला, याला पद्धत नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? त्यांनी केलं तो 'अनुभव' आणि बाहेरच्यांनी केली ती 'थिअरी'. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे १९९८ मध्येच दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीवर (दलित बायकांच्या जागेवरून समाज बघण्यावर) लिहून गेल्या, पुणे विद्यापीठात शिकवत होत्या, लांब कुठे नाही. तरी क्लासमध्ये मला 'तू तुझ्या अनुभवातून सांग' आणि बाकीच्यांना 'तुमचं विश्लेषण सांगा'.

फडावर जाणाऱ्या मॅडमना पण विचारते, राग मानू नका. तुम्ही त्या बायकांचं ऐकून घेतलंत, डिग्री तुम्हाला. त्यांना काय?

फडावरची:
राग नाही. उत्तरही नाहीये. एकीने मलाच विचारलं, "ताई, हे लिहून आमची उचल फिटंल का?" ते मी थीसिसमध्ये घातलंय, सर म्हणाले अनावश्यक.

आकडेमोड:
हे मात्र ठेवा, काढू नका. आणि तो मजुरीचा प्रश्न शेवटी बदलून काय केलात? खरंच विचारतोय, आमच्या सर्वेत पण घरटी उत्पन्न विचारतो आणि उत्तर नवराच देतो.

फडावरची:
दोन प्रश्न केले. उचल कोणाच्या हातात दिली, आणि मुकादमाच्या वहीत तुमचं नाव आहे का. दुसऱ्याला बहुतेक जणी हसतात. एक म्हणाली, "नाव कशाला, कोयता हाय की."

'संशोधक' तसाच ठेवलाय. इंटर्नलचे मार्क सरांकडेच आहेत.