ॲम्बेसेडर 1489: इंजिन बांधताना काय तपासू, म्हणजे घाटात तापणार नाही?

खानापूरकर: जुनी ॲम्बेसेडर, 1489 सीसी पेट्रोल. सपाटीला ठीक, पण गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढला की तापमानाचा काटा लालमध्ये. रेडिएटर नवीन आहे. इंजिन उतरवलंय, ब्लॉक बेळगावच्या उद्यमबागला (तिथल्या वर्कशॉपमध्ये) सिलिंडर बोअरिंगला द्यायचाय. त्याआधी काय बघून घेऊ?

जुना फिटर: आधी सगळे वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) काढा. पंपाचं पाणी पुढून शिरून मागे जातं, म्हणून गंज आणि गाळ चौथ्या सिलिंडरच्या मागे तळाशी बसतो. ब्लॉकचा ड्रेन कॉक (पाणी सोडायचा नळ) पूर्ण काढूनही पाणी येत नसेल, तर आत दगड झालाय समजा. तारेने आणि पट्टीने खरवडा, गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवा, मग प्रेशरने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. बोअर होऊन आल्यावर पुन्हा धुवायचं. नवीन रेडिएटर हा गाळ चार दिवसांत भरून टाकतो.

पिस्टनची रिंग बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ ढकला आणि तिच्या दोन टोकांमधली गॅप मोजा: 73 मिमी बोअरला 0.20 ते 0.30 मिमी. कमी असली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअरवर ओरखडे पडतात.

निपाणी: हेडवर स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) ठेवा. 0.05 मिमीचं फीलर (मापाची पातळ पाती) खाली शिरलं तर फेसिंग करून, म्हणजे हेड घासून सपाट करून घ्या. गॅस्केट ब्लॉकवर ठेवून पाण्याचं एकेक भोक डोळ्यांनी जुळवा.

फक्त चढावर तापते म्हणताय, तर रेडिएटरचा खालचा होज जरूर बघा. आत स्प्रिंग नसेल तर रेस दिल्यावर पंपाच्या ओढीने चपटा होतो. बॉनेट उघडून कुणाला तरी रेस द्यायला सांगा, लगेच दिसेल. ठिणगीचं टायमिंग मागे (उशिरा) असलं तरी असंच होतं: जळण उशिरा संपतं, उष्णता एक्झॉस्टच्या भिंतीत उतरते.

खानापूरकर: गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका म्हणतात. काढू का?

जुना फिटर: नको हो. पूर्ण उघडल्यावर तो घाटात फारसा अडवत नाही. काढला तर इंजिन थंड राहतं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. 82 (अंश) लिहिलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, थर्मामीटर लावा, कुठे उघडतो बघा. न उघडला तर बदला.

रेडिएटरच्या कॅपचं रबर मात्र तपासाच. बेळगाव साधारण 750 मीटरवर, उघडं पाणी 97-98 अंशांवरच उकळतं. 7 पौंडांची (दर चौरस इंचाला) कॅप दाब धरून असेल तर त्यात आणखी 11-12 अंश मिळतात. आणि बोअरवेलचं पाणी घालू नका, चुना धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे.