तांबेऱ्याला सहनशील वाण, तरी दाण्यावर जांभळे डाग का?

प्रश्न (मिरज तालुका)
आमच्या कृष्णाकाठी सोयाबीनवर तांबेरा रोगाचा त्रास जुना असल्यामुळे जेएस ३३५ हा वाण सोडून कसबे डिग्रज कृषी संशोधन केंद्राचा फुले संगम हा वाण घेतला. तांबेरा जाणवला नाही. मात्र दाणे भरताना शेंड्याकडची पाने तांबूस-जांभळी झाली आणि मळणीनंतर पुष्कळ दाण्यांवर जांभळे डाग दिसले. वाण रोगाला दाद देत नाही म्हणतात, मग असे का व्हावे? हे बियाणे ठेवावे का?

उत्तर १
आपल्या वर्णनावरून हा सर्कोस्पोरा किकुची या बुरशीचा प्रादुर्भाव वाटतो. तांबेऱ्याची बुरशी, फाकोप्सोरा पॅकिरिझी, हिच्याशी तिचा काही संबंध नाही, त्यामुळे एकीला सहन करणारा वाण दुसरीलाही करील असे गृहीत धरता येत नाही. ही बुरशी सर्कोस्पोरिन नावाचे तांबडे विषद्रव्य तयार करते आणि ते उजेडात क्रियाशील होते. म्हणूनच उन्हात उघडी असलेली वरची पाने आधी करपतात.

उत्तर २
यात एक महत्त्वाची भर घालतो. याच एका बुरशीच्या बाबतीतही पानाची प्रतिकारशक्ती आणि दाण्याची प्रतिकारशक्ती सोबत चालतेच असे नाही. पीआय ८०८३७ या सोयाबीन वाणात दाण्यावरील डागांना रोखणारे एकच प्रभावी जनुक आढळले आहे, पण त्यावरून पाने निरोगी राहतील असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यातच सर्कोस्पोरा सोजिना ही जवळची बुरशी पानांवर बेडकाच्या डोळ्यासारखे ठिपके पाडते आणि तिच्याविरुद्धचे आरसीएस ३ हे जनुक वेगळेच आहे. म्हणून पिशवीवर नुसते ‘रोगप्रतिकारक’ लिहिलेले असेल, तर कोणत्या रोगाला आणि पानावर की दाण्यावर, हे विक्रेत्याला आग्रहाने विचारावे, कारण त्या एका मोघम शब्दाच्या भरवशावर शेतकऱ्याचा पूर्ण हंगाम पणाला लागतो.

उत्तर ३
बियाण्याबद्दल सांगतो. डाग असलेला प्रत्येक दाणा निकामी नसतो, पण बुरशी बियाण्यातून पुढच्या पिकात जाते. डागाळलेले दाणे निवडून काढावेत आणि उरलेल्यांतले १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावेत. ७० पेक्षा कमी उगवले तर ते बियाणे पेरू नये. पेरणीपूर्वी कार्बोक्सिन अधिक थायरम हे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति किलो बियाण्याला चोळून, रायझोबियम हे जिवाणू खत सर्वांत शेवटी लावावे. पक्व पीक पावसात उभे राहिले की डाग वाढतात, तेव्हा काढणी लांबवू नये. त्या रानात पुढच्या खरिपात मका घेता आला तर उत्तम, कारण ही बुरशी सोयाबीनच्या काडीकचऱ्यातही तग धरते.