मदत हवी आहे: उद्यानासाठी घेतलेले इंटर्न आणि मेंटर टिकत नाहीत

पानगळ
वस्तीच्या उद्यानासाठी कॉलेजची मुलं इंटर्न म्हणून घेतो, सोबत स्वयंसेवक मेंटर असतात. सुरुवातीला सगळे येतात, मग मुलं गळतात आणि मेंटरही येईनासे होतात. नवी तुकडी लवकरच सुरू होतेय. वेळापत्रकाचा तयार नमुना असेल तर कृपया लगेच टाका.

मोजपट्टी
नमुना कशाचा टाकायचा? मुलं किती, मेंटर किती, कुठल्या शाखेची, आठवड्याला किती तास? आणि काम काय देता, ते तर लिहिलंच नाही.

खुरपं
काम झाडांच्या गणनेचं द्या, दुसरं काही शोधू नका. कोबो टूलबॉक्स या नोंदींचे फॉर्म बनवायच्या ऑनलाइन साधनावर फॉर्म करा. नेटवर्क नसतानाही फोनवर भरता येतो, नंतर पाठवता येतो. झाडाचा क्रमांक, जात, खोडाचा घेर, जीपीएस आणि फोटो. फोटो पान, फूल किंवा फळ आणि साल असे वेगवेगळे हवेत, नुसत्या लांबच्या फोटोवरून जात ठरत नाही.

मोजपट्टी
गणनेला हरकत नाही, पण जीपीएसवर विसंबू नका. दाट झाडीखाली फोन काही मीटर चुकतो. झाडं तीन-चार मीटरवर असतील तर नकाशात कुठलं कुठलं ते कळत नाही. एकाच सरळ कुंपणावरचे दोन पक्के खांब धरा आणि दोन्हींपासून टेपने अंतर घ्या. दोन अंतरांवरून दोन जागा निघतात, पण त्यातली एकच कुंपणाच्या आत पडते. घेर जमिनीपासून १.३ मीटरवर. उतार असेल तर चढाच्या बाजूने उंची मोजा. त्याच्या खालीच झाड दुभागलं असेल तर प्रत्येक खोड वेगळं लिहा.

खुरपं
प्रत्येक झाडाला दोनदा टेप लावत बसलात तर गणना संपणारच नाही. वीस मीटरच्या चौकटी आखा, क्रमांकासोबत चौकट लिहा, पुरे.

मोजपट्टी
पुढच्या तुकडीला तेच झाड पुन्हा सापडायला हवं. चारशे चौरस मीटरच्या चौकटीत एकाच जातीची दहा झाडं असली की नेमकं कुठलं मोजलं होतं?

गांडूळ
पाचोळा जाळत असाल तर आधी ते थांबवा. कोरडा पाचोळा दोन-तीन भाग आणि ओला हिरवा कचरा एक भाग, असा ढीग लावा. वास आला तर पाणी जास्त झालंय, ढीग उलथा आणि पाचोळा घाला.

पानगळ
खताचं विचारलेलं नाही. मुलं १२, मेंटर ३. पर्यावरणशास्त्र आणि वाणिज्य, दोन्हीकडची. आठ आठवडे, आठवड्याला सहा तास. त्या दिवशी जे निघेल ते काम: तण काढणं, पाणी घालणं, पाट्या रंगवणं. मेंटर जमेल तसे येतात.

सावली
गळती इथेच आहे. ज्या कामाचा अहवाल लिहिता येत नाही त्यासाठी मुलं थांबणार नाहीत, त्यांना कॉलेजात तासांची सही आणि काहीतरी लिहिलेलं दाखवावं लागतं. चार-चारांचे तीन गट करा, प्रत्येकाला एकच प्रश्न द्या. मागच्या वर्षीची किती रोपं जगली आणि कुठली मेली? पाणी कुठे मुरत नाही? वाणिज्यच्या मुलांना उद्यानात कुठल्या वेळी किती माणसं येतात याची मोजणी आणि अवजारांची नोंदवही द्या.

पाणी किती वेगाने मुरतं ते मोजायला ३० सेंमी खोल खड्डा घ्या, भरा, पूर्ण मुरू द्या. मग पुन्हा भरून दर १५ मिनिटांनी पातळी लिहा. पहिल्या भरणीचा आकडा धरू नका, कोरडी माती पाणी भराभर पिते आणि वेग खोटा दिसतो.

मेंटरला "जमेल तसं या" म्हटलं की तो येत नाही. ठरलेला वार, दोन तास, आणि ठरलेलं काम द्या: दहा नोंदींतली एक स्वतः पुन्हा तपासायची, मग तासांवर सही. प्रत्येक गटाला दोघे हवेत, एक आला नाही तरी दिवस फुकट जाऊ नये. म्हणजे सहा मेंटर. तितके मिळत नसतील तर मुलं सहाच घ्या.

कुदळ
तण काढणं म्हणजे कमी प्रतीचं काम नाही. सगळे फॉर्म भरत बसले तर रोपांना पाणी कोण घालणार?

सावली
कमी प्रतीचं नाहीच. पण नेमून द्या: सहापैकी दीड तास हातकाम, तेही ज्या रोपांची नोंद तो गट ठेवतो त्यांच्याच आळ्यांत. आच्छादन ५ ते ८ सेंमी, खोडाला टेकवायचं नाही, नाहीतर बुंधा कुजतो. आणि झाडाच्या क्रमांकाचा बिल्ला तारेने खोडाला बांधू देऊ नका, खोड वाढलं की तार सालीत रुतते. आधाराच्या काठीला बांधा.

मोजपट्टी
शेवटचा आठवडा फक्त सोपवणीसाठी ठेवा. फॉर्मचं खातं उद्यान समितीच्या नावावर हवं. मुलांच्या कॉलेज-मेलवर असेल तर ती बाहेर पडली की नोंदी गेल्या.

पानगळ
मागच्या तुकडीच्या नोंदींच्या शीटचं तसंच झालंय, ज्याच्या नावावर होती त्याचा मेल बंद झालाय. सहा मुलांचं समितीला विचारतो. तोवर वेळापत्रक?

मोजपट्टी
कागदावरच्या कच्च्या नोंदी उरल्यात का? असतील तर पहिला आठवडा त्या टंकण्यात जाईल, वेळापत्रक तिथून धरावं लागेल.