सह्याद्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये चौकोन पडतात

प्रश्न: डीडी फ्री डिशचा सिग्नल यूएसबी ट्यूनरने घेऊन मी टीव्हीहेडएंड या टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर आईसाठी सह्याद्रीचे कार्यक्रम साठवतो. त्याच सर्व्हरवरून थेट पाहताना चित्र स्वच्छ असते, रेकॉर्डिंगमध्ये मात्र चौकोन पडतात आणि आवाज तुटतो. काय तपासावे?

उत्तर १: आधी सर्व्हरचा लॉग (त्याने केलेल्या नोंदी) पाहावा. प्रक्षेपणाचा डेटा छोट्या पॅकेटमध्ये येतो; प्रत्येक पॅकेट 188 बाइटचे असते व त्यावर 0 ते 15 असा फिरता क्रमांक असतो. तो क्रम तुटला की ‘कंटिन्युइटी’ (सलगतेची) त्रुटी नोंदली जाते आणि पॅकेट लिहिण्याआधीच हरवले, हे कळते.

उत्तर २: ट्यूनर व हार्ड डिस्क एकाच यूएसबी हबवर आहेत का? माझा संशय तिथेच आहे, कारण डिस्कवर लिहिणे सुरू होताच ट्यूनरच्या वाट्याची क्षमता घटते.

प्रश्नकर्ता: दोन्ही एकाच हबवर होते. डिस्क वेगळ्या पोर्टला जोडल्यावर कालचे रेकॉर्डिंग स्वच्छ आले. मनःपूर्वक आभार.