'अल्फा'मधली माणसं एवढी गोरी कशी?

गोदाकाठ:
शनिवारी कॉलेज रोडला मित्राच्या गच्चीवर पडदा लावून 'अल्फा' (2018) हा हॉलिवूडचा चित्रपट पाहिला. 20,000 वर्षांपूर्वीचा युरोप, शिकारीत कड्यावरून पडून मागे राहिलेला पोरगा, जखमी लांडगा आणि दोघांची जमत गेलेली गट्टी. लांडग्यावर जीव जडतो, वादच नाही. खटकले ते चेहरे. चित्रपटवाल्यांनी एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंकडून पात्रांसाठी अख्खी भाषा घडवून घेतली आणि नायक मात्र गोरापान! इंग्लंडमधल्या चेडरच्या गुहेत सापडलेला माणूस सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचा. त्याच्या डीएनएवरून 2018 सालीच सांगितलं गेलं की कातडी बरीच काळी असावी, डोळे निळसर. स्पेनमधल्या ला ब्रान्याचा 7,000 वर्षांपूर्वीचा शिकारीही सावळा. उजळ कातडी तिकडे पसरली ती मुख्यतः अनातोलियाकडून (आजच्या तुर्कस्तानातून) आलेल्या शेतकऱ्यांबरोबर, म्हणजे या गोष्टीनंतर दहाएक हजार वर्षांनी. मी कोणाचा कोटा मागत नाहीये. भाषेसाठी घेतली तेवढी मेहनत चेहऱ्यांसाठी का नाही, एवढंच विचारतोय.

पाथर्डीफाटा:
आला रंगाचा हिशोब! 10,000 वर्षांपूर्वीचा माणूस 20,000 वर्षांपूर्वीच्या गोष्टीला साक्षीदार कसा? आणि डीएनएवरून रंग सांगणं हा शेवटी अंदाजच. शिवाय दिग्दर्शक अल्बर्ट ह्यूज स्वतः आफ्रिकन-अमेरिकन बापाचा मुलगा, त्याला तुम्ही शिकवणार? अहो, आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये अण्णा साळुंकेंना तारामती केलं. पुरुषाला! लोकांनी पाहिलाच ना?

गोदाकाठ:
हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. फाळक्यांना बाई मिळेना म्हणून साळुंके आले. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये त्यांनी दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकींना उभं केलं. हॉलिवूडला सावळा नट मिळेना, असं म्हणायचंय का तुम्हाला? अंदाजाचं म्हणाल, तर गोरा रंग हाही अंदाजच. तो मात्र कोणाला खटकत नाही.

मेघा_सिन्नर:
तुमचं रंगाचं चालू द्या. मला वेगळंच विचारायचंय. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला सुमारे 14,000 वर्षांपूर्वीची कबर आहे. त्यात एक पुरुष, एक बाई आणि कुत्र्याचं पिल्लू. पिल्लाच्या दातांवर मोठ्या आजाराच्या खुणा आहेत. कोणीतरी काही आठवडे त्याचं उष्टं-खरकटं, पाणी, घाण सगळं केलं असणार, नाहीतर ते तेवढं जगलंच नसतं. ते पोरानेच केलं कशावरून? या चित्रपटात बायका तळावर थांबतात नि पोरगा पुरुष होऊन परततो. माझ्या मते मोठी चूक ही आहे, रंग नंतर.

राजापूरकर:
सगळे माणसांवरच भांडताय. तो लांडगा तरी कुठे खरा होता? चेकोस्लोव्हाकियन जातीचा लांडगा-कुत्रा होता तो, धिप्पाड नि केसाळ. आमच्या येवल्याच्या ममदापूर-राजापूरच्या माळावरचा लांडगा बघा. अंगाने किडकिडीत, मातकट, उन्हात गवतात बसला तर दहा पावलांवरून दिसत नाही. आम्ही रात्री वाघूर (जाळीचं कुंपण) लावून मेंढरं आत घेतो, तरी पहाटे एखादं कोकरू गेलेलं असतं. बरं, कुत्रा झाला तो या आमच्या लांडग्यांपासून नव्हे, असंच अभ्यासक म्हणतात. गट्टी वगैरे तिकडची.

पाथर्डीफाटा:
मेघाताई, बाईने पिल्लू जगवलं असा सिनेमा निघाला तर पहिलं तिकीट माझं. नवी गोष्ट लिहा की, कोण अडवतंय! पण झालेल्या चित्रपटातल्या पोराला आता रंग लावत बसू नका. मला रडू आलं ते त्या दोघांमुळे, कातडीमुळे नाही.

मेघा_सिन्नर:
पहिलं तिकीट तुमचं, हे लिहून ठेवते. निर्माता मिळतोय का बघा.

राजापूरकर:
इकडे येऊन काढा. फक्त शेवट तेवढा बदलावा लागेल. पोरगा घरी परततो तिथे, मेलेल्या कोकराजवळ पंचनाम्याची वाट बघत बसलेला मेंढपाळ दाखवा.